नेट निघाली, जेआरएफ हुकली : एका पीएच.डी.-शोधाचं प्रकरण

विद्यार्थिनी गडहिंग्लज तालुक्यातली. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी., विशेष विषय मटेरिअल सायन्स. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज झटपट साठवणाऱ्या उपकरणासाठी, मँगनीज ऑक्साइडच्या पातळ फिल्म तयार करण्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने भौतिकशास्त्राची गेट ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा दिली. पात्र ठरली, पण क्रमांक काही अभिमानाने सांगण्यासारखा नव्हता. सीएसआयआर-यूजीसी नेट, म्हणजे विज्ञान विषयांतल्या फेलोशिपची आणि प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिची जूनची फेरी त्या वर्षी ऐन वेळी पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या शेवटी झाली. सप्टेंबरात निकाल लागला तेव्हा ती ‘असिस्टंट प्रोफेसर आणि पीएच.डी. प्रवेश’ या गटात होती. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी फेलोशिप, थोड्या गुणांनी गेली.

घरात पेढे वाटून झाले आणि मग वडिलांनी मला फोन केला. ते साखर कारखान्यात कामाला आहेत, धाकटा मुलगा डिप्लोमाला. त्यांचा प्रश्न सरळ होता : “सर, पास झाली म्हणताय, मग पैसे कुठायत?”

हे प्रकरण लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. संस्थांची नावं जिथे माहिती म्हणून लागतात तिथेच दिली आहेत. तिचे स्वतःचे अनुभव जिथे आले त्या संस्थांची दिलेली नाहीत.

अडचण नेमकी कुठे होती

नेटचे जून २०२४ पासून तीन गट झाले. पहिल्या गटाला जेआरएफ, म्हणजे फेलोशिप, प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश असं तिन्ही. दुसऱ्याला पात्रता आणि प्रवेश. तिसऱ्याला फक्त प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे विद्यार्थिनीच्या हातात प्रवेशाचं दार उघडणारा कागद होता, तोही सप्टेंबर २०२५ च्या आसपास शिळा होणारा. फेलोशिपचा एक रुपयाही त्यात नव्हता.

सल्ले देणारे भरपूर भेटले. एकाने सांगितलं, विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घाल आणि एखाद्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकव. दुसऱ्याने सांगितलं, सगळं सोडून वर्षभर जेआरएफचाच अभ्यास कर. आत्याच्या यजमानांच्या ओळखीत परदेशी प्रवेशाचं काम करणारी एक एजन्सी होती. यातला पहिला सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तासिका तत्त्वावरचं मानधन तासांप्रमाणे मोजलं जातं आणि बऱ्याचदा कित्येक महिन्यांनी एकदम हातात पडतं. सकाळी दोन तास शिकवून, एस.टी.ने तालुक्याला जाऊन-येऊन, उरलेल्या वेळात फिल्म बनवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या पीएच.डी.ला सहा-सात वर्षं लागतात आणि मधेच कुणीतरी लग्नाचा विषय काढतं. जेआरएफची परत तयारी करणं चुकीचं नव्हतं. पण तेवढंच करत घरी बसणं चुकीचं ठरलं असतं.

म्हणून आम्ही संस्थांची नावं बाजूला ठेवून आधी पैसे देणाऱ्यांची यादी केली. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला पैसा येतो तो साधारण चार वाटांनी. एक, विद्यार्थ्याच्या नावावर आलेली फेलोशिप, म्हणजे जेआरएफ किंवा राज्य सरकारच्या संस्थांची. दोन, संस्थेची स्वतःची, म्हणजे आयआयटी, आयसर, एनआयटी यांसारख्या केंद्रीय संस्थांची शिकवणी-सहायकाच्या कामाशी जोडलेली. तीन, एखाद्या प्राध्यापकाने मिळवलेल्या प्रकल्पातलं पद. चार, परदेशातली नोकरीवजा जागा. विद्यार्थिनीच्या घरात फक्त पहिली वाट माहीत होती आणि तीच तिच्यासाठी तूर्त बंद होती.

पंतप्रधान संशोधन फेलोशिपचाही विषय निघाला, कारण आकडा डोळ्यांत भरतो : पहिली दोन वर्षं महिना ७०,०००, पाचव्या वर्षापर्यंत ८०,०००, शिवाय वर्षाला २ लाखांचं संशोधन अनुदान. पण या फेलोशिपच्या थेट प्रवेशाच्या दाराच्या अटी कडक आहेत आणि दुसरं दार आधीच त्या संस्थांत पीएच.डी. करत असलेल्यांसाठी आहे. नाव यादीत लिहिलं आणि तिथेच सोडलं.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपबद्दल गावाकडे मोठा गैरसमज आहे. त्या पीएच.डी.ला प्रवेश मिळवून देत नाहीत. आधी नोंदणी, मग जाहिरात निघाली की अर्ज, असा क्रम आहे. जागा किती, निकष काय, हे जाहिरातीगणिक बदलतं आणि त्यावरून आंदोलनंही झाली आहेत. ज्याची नोंदणी झालेलीच आहे त्याने अर्ज जरूर करावा. नोंदणीच्या आधी या पैशांवर घरखर्चाचं गणित मांडू नये.

दुर्लक्षित राहिलेली ओळ

या प्रकरणाला वळण मिळालं ते विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मानकांतल्या एका ओळीमुळे. सरकारी प्रकल्पात जेआरएफ म्हणून कुणाला घ्यायचं, याची ती अट आहे. मूलभूत विज्ञानातली पदव्युत्तर पदवी, आणि त्याबरोबर सीएसआयआर-यूजीसी नेट, ‘लेक्चरशिप धरून’, किंवा गेट. म्हणजे ज्या कागदाला घरात ‘नुसती नेट’ म्हणत होते, तो कागद प्रकल्पातल्या जेआरएफला पुरेसा होता. गेटही होतीच, आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

रकमेतही फरक नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला, म्हणजे तिच्या पुढच्या सीनियर टप्प्याला, ४२,००० मिळतात. प्रकल्पातल्या जेआरएफलाही याच दराने पैसे देणं अपेक्षित असतं. वर घरभाडे भत्ता, केंद्राच्या दराने. पुण्यासारख्या मोठ्या शहरात ३० टक्के धरला तर ११,१०० आणखी. कोल्हापुरात हाच भत्ता २० टक्के, म्हणजे ७,४००. वसतिगृहात खोली मिळाली तर भत्ता नाही. वडिलांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “पुण्यात कुठं राहील मग?” मला तेव्हाच कळलं की घरचा विरोध मावळला.

प्रकल्पातल्या पदाचे तोटे मी त्यांना त्याच बैठकीत सांगितले, कारण ते नंतर कळले तर मुलीवरच राग निघतो. स्वतःच्या नावावरची जेआरएफ विद्यार्थ्याबरोबर फिरते. प्रकल्पाचं पद प्रकल्पाला चिकटलेलं असतं. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा, पीएच.डी. चार-पाच वर्षांची. नेमणूक वर्षावर्षाने वाढवतात. आणि प्रकल्पात नोकरी लागली म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला असं होत नाही, त्याची प्रक्रिया वेगळी असते. कित्येक मुलं दोन वर्षं प्रकल्पात काम करतात, शोधनिबंधात तिसरं-चौथं नाव येतं, प्रकल्प संपतो आणि ती घरी येतात.

जाहिरात यायच्या आधी

प्रकल्पातल्या पदांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर कुठल्यातरी आतल्या पानावर येतात आणि दहा-पंधरा दिवसांत मुदत संपते. रोज शंभर पानं तपासणं शक्य नसतं. त्यामुळे आम्ही उलटीकडून सुरुवात केली. जाहिरात निघायच्या आधी पैसे मंजूर होतात आणि मंजुरीची यादी सार्वजनिक असते.

सर्ब म्हणजे संशोधन प्रकल्पांना पैसे देणारं केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ. त्याचं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलं आहे. मंजूर प्रकल्पांच्या याद्यांमध्ये प्रकल्पाचं नाव, प्रमुख संशोधकाचं नाव आणि संस्था असते. विद्यार्थिनीने अलीकडच्या याद्यांतून ऊर्जासाठवण, पातळ फिल्म, इलेक्ट्रोकेमिस्ट्री हे शब्द शोधले. मग त्यांतून महाराष्ट्र, गोवा, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू एवढ्या ठिकाणचे प्रकल्प वेगळे काढले. शोधाच्या कक्षेत पुण्यातल्या एनसीएल, सी-मेट, आयसर या संशोधन संस्था आल्या. मुंबईतली आयआयटी आणि आयसीटी आली, इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र आलं, हैदराबादची एआरसीआय आली. नुकत्याच मंजूर झालेल्या प्रकल्पाच्या प्रमुखाला माणूस हवाच असतो. तीन वर्षांपैकी पहिलं वर्ष उपकरणांच्या निविदांतच जाणार, हे त्यालाही माहीत असतं.

परदेशासाठीही हीच युक्ती चालते आणि तिथे ती अधिक सोपी आहे. युरोपीय संघाच्या पैशांवरचे प्रकल्प कॉर्डिस या संकेतस्थळावर दिसतात, जर्मनीच्या डीएफजी या निधी देणाऱ्या संस्थेचे गेप्रिसवर, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चवर, अमेरिकेचे तिथल्या एनएसएफ या निधी देणाऱ्या संस्थेच्या अवॉर्ड सर्चवर. प्रकल्प कधी सुरू झाला, कधी संपणार, मुख्य माणूस कोण, हे एका पानावर मिळतं. जागांच्या जाहिराती युरॅक्सेसवर, नेदरलँड्समधल्या अ‍ॅकॅडेमिक ट्रान्सफरवर, नॉर्वेतल्या जॉबनॉर्गेवर येतात. बहुतेक मुलं फक्त या जाहिराती वाचतात आणि गर्दीत उभी राहतात.

पत्राबद्दल थोडं सविस्तर. तिचा पहिला मसुदा सगळ्यांचा असतो तसाच होता : आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे, मी मेहनती आहे, सोबत बायोडेटा. असं पत्र प्राध्यापकाला दिवसाला किती येतात याची कल्पना करा. दुसरा मसुदा निम्म्या लांबीचा होता. पहिल्या वाक्यात प्रकल्पाचं नाव आणि तो मंजूर झाल्याचं यादीत पाहिलं हे. दुसऱ्यात तिने स्वतःच्या हाताने काय केलं आहे : केमिकल बाथमधून फिल्म, एक्सआरडीचं (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याच्या तंत्राचं) विश्लेषण, सायक्लिक व्होल्टामेट्री ही विद्युत-रासायनिक चाचणी. तिसऱ्यात पात्रता, नेट आणि गेट, वर्षासकट. शेवटी एकच प्रश्न : या प्रकल्पात जेआरएफचं पद आहे का आणि जाहिरात साधारण कधी निघेल? विषयाच्या ओळीत प्रकल्पाचं नाव.

उत्तरं आली. सगळ्यांची नाही, पण आली. ‘जाहिरात पुढच्या महिन्यात, लक्ष ठेव’ असं दोन ओळींचं उत्तरही सोन्याचं असतं. कारण निवड नियमानुसार जाहिरातीनंतरच होते, पण मुलाखतीला आलेल्या नावांत एक नाव ओळखीचं असतं.

परदेशी जागा : काय मिळालं, काय सोडलं

युरोपात पीएच.डी. ही बऱ्याच देशांत नोकरीच असते. नेदरलँड्समध्ये चार वर्षांचा करार, पहिल्या वर्षी करपूर्व महिना साधारण ३,००० युरो, पुढे दरवर्षी वाढ. जर्मनीत टीव्ही-एल १३ ही वेतनश्रेणी, पण जाहिरातीत पूर्ण पदाच्या किती टक्के ते लिहिलेलं असतं आणि ते वाचायलाच हवं. ५०, ६५, ७५, १०० असं काहीही असतं. अभियांत्रिकीत पूर्ण पद मिळण्याचं प्रमाण जास्त. अर्धं पद असलं तरी प्रयोगशाळेत दिवस अर्धा नसतो, हे तिथे असलेले आपले लोक सांगतील.

युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा भारतातून अर्ज करणाऱ्याला खास अनुकूल आहेत. नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार तिथे बाद ठरतो. म्हणजे जर्मनीतच एम.एस. केलेल्या मुलाला जर्मनीतली जागा मिळत नाही, गडहिंग्लजच्या मुलीला मिळू शकते. जाहिरातीतला भत्ता मोठा दिसतो, पण त्यातून नोकरी देणाऱ्याचा सामाजिक विम्याचा हिस्साही जातो. हातात येणारी रक्कम बरीच कमी असते.

विद्यार्थिनीने युरोपात मोजक्याच ठिकाणी अर्ज केले. एका जर्मन गटाने ऑनलाइन मुलाखत घेतली. त्यांना प्रयोग चालू असतानाच रामन वर्णपट घेण्याचा अनुभव हवा होता. तो तिला नव्हता आणि तसं तिने सांगितलं. नकार आला, पण सभ्य आणि कारणासकट.

अमेरिकेचा विचार आम्ही लवकर सोडला. तिथे अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. प्रत्येक अर्जाला शुल्क, आणि आठ-दहा विद्यापीठांचं शुल्क म्हणजे या घराचे काही महिन्यांचे पैसे. एकदा प्रवेश मिळाला की विज्ञान-अभियांत्रिकीत शिकवणी माफ आणि स्टायपेंड हे तिथे सर्रास असतं, हे खरं. पण २०२५ च्या सुरुवातीला केंद्रीय संशोधन निधीवर संकट आलं तेव्हा काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले, काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. त्या वर्षी ज्यांनी सगळी अंडी त्याच टोपलीत ठेवली होती त्यांचे हाल झाले.

कोरियाचा पर्याय मात्र गंभीर होता. कोल्हापूरच्या भौतिकशास्त्रातून दक्षिण कोरियात गेलेल्यांची साखळी जुनी आहे. पातळ फिल्म आणि सुपरकपॅसिटर या विषयांत तिथल्या प्रयोगशाळांना आपल्याकडची मुलं ठाऊक आहेत. ओळखीच्या एका सीनियरने आपल्या प्राध्यापकांशी गाठ घालून दिली. प्राध्यापक घ्यायला तयार होते, महिन्याचे पैसे प्रकल्पातून देणार होते. सीनियरनेच तिला बजावलं : शिकवणी शुल्काचं विचार. विचारलं तेव्हा उत्तर गोलगोल आलं. पहिल्या सत्राची सवलत नक्की, पुढचं गुणांवर. महिन्याच्या पैशांतून शुल्क भरावं लागलं तर हातात काय उरतं याचा हिशोब केला आणि हा पर्याय राखून ठेवला. नाही म्हटलं नाही.

आणि ब्रिटन. एजन्सीमार्फत एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, बिनशर्त. घरात पुन्हा पेढे, आत्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस. दुसऱ्या पानावर परदेशी विद्यार्थ्याचं वार्षिक शुल्क लिहिलेलं होतं आणि स्टायपेंडचा कुठेही उल्लेख नव्हता. यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या पैशांवरच्या जागा परदेशी विद्यार्थ्यांना २०२१ पासून खुल्या आहेत, २०२५-२६ ला स्टायपेंड वर्षाला किमान २०,७८० पौंड. पण अशा जागांत परदेशी विद्यार्थी साधारण ३० टक्क्यांपर्यंतच घेता येतात, आणि देशी-परदेशी शुल्कातला फरक कोण भरणार हा प्रश्न वेगळाच. एजन्सीच्या पत्राचा या जागांशी काही संबंध नव्हता. पैसे देणारा पाहुणा आला तर कोणतं हॉटेल खोली नाकारेल? असलं प्रवेशपत्र मिळणं ही निवड नसते. वडिलांना हे समजावताना माझा आवाज चढला, कारण अशाच पत्रावर जमीन गहाण टाकलेलं एक घर मला माहीत आहे.

मुलाखती

भारतातली पहिली मुलाखत एका आयआयटीत, जानेवारी सत्राच्या प्रवेशासाठी. ती तिथे गेली गेटच्या जोरावर. सुरुवात बरी झाली. ब्रॅगचा नियम, एक्सआरडीतलं शिखर रुंद का होतं, शेररच्या सूत्रातून कणाचा आकार काढताना उपकरणामुळे आलेली रुंदी वजा केली का. यातला शेवटचा प्रश्न अडला, पण निभावला. मग समितीतल्या एका बाईंनी तिच्या प्रकल्पातला धारितेचा, म्हणजे फिल्म किती विद्युतभार साठवते याचा, आकडा विचारला. तिने सांगितलं, ग्रॅममागे ४०० फॅरड. पुढचा प्रश्न : फिल्मचं वजन किती होतं?

वजन होतं ०.३ मिलिग्रॅम. काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा. बाईंनी तिला फळ्यावर करायला लावलं. विशिष्ट धारिता वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात. खरं वजन ०.४ असेल तर ४०० चे ३०० होतात, ०.२ असेल तर ६००. म्हणजे तिने अहवालात ठळक अक्षरांत छापलेला आकडा ३०० ते ६०० यांत कुठेही असू शकत होता. ती गप्प झाली. निवड झाली नाही.

मला विचाराल तर पूर्ण शोधातला हा सगळ्यात उपयोगी अर्धा तास. आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पात आकडा मोठा आला की सगळे खूश असतात, त्यावरची अनिश्चितता कुणी विचारत नाही. परतल्यावर तिने जुन्या वह्या काढल्या आणि प्रत्येक नमुन्यासाठी चुकीची मर्यादा मांडली. क्षेत्रफळावर आधारित धारिताही काढली, कारण तिथे वजनाचा प्रश्न येत नाही. बायोडेटातून ४०० हा आकडा तिने काढून टाकला.

निवड झालेली जागा

जानेवारी २०२५ च्या शेवटी पुण्यातल्या एका केंद्रीय संस्थेतून उत्तर आलं. ज्या प्राध्यापकांना तिने शरद ऋतूत लिहिलं होतं, त्यांच्या प्रकल्पातला आधीचा जेआरएफ परदेशी गेला होता आणि पद रिकामं झालं होतं. जाहिरात निघाली, मुलाखत झाली. वजनाचा मुद्दा तिने स्वतःच काढला. समितीतल्या एकाने नंतर तिला सांगितलं की निवडीचं कारण तेच.

रुजू होण्याआधी तिने ई-मेलवर काही प्रश्न विचारले. आम्ही ते बसून लिहिले होते, आणि असे प्रश्न विचारले तर गाइड नाराज होतील अशी तिला धास्ती होती. प्रकल्प कोणत्या तारखेला मंजूर झाला आणि कधी संपतो? या पदावर असताना पीएच.डी.ला नोंदणी करता येते का, आणि पुढचा प्रवेश कधी? प्रकल्प संपल्यावर पैशांची काय सोय, याआधीच्या विद्यार्थ्यांचं काय झालं? घरभाडे भत्ता मिळतो की वसतिगृह?

गाइडनी मोकळेपणाने लिहिलं. प्रकल्पाची साधारण सव्वादोन वर्षं शिल्लक आहेत. नोंदणी करता येते, पण प्रवेशाची परीक्षा-मुलाखत सगळ्यांसारखी द्यावी लागेल. आधीच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला पुढच्या प्रकल्पातून पैसे मिळाले, एकाला मधे काही महिने काहीच मिळालं नाही. वसतिगृहात जागा नाही, भत्ता मिळेल. ‘काही महिने काहीच मिळालं नाही’ हे स्वतःहून लिहिणारा गाइड माझ्या मते विश्वास ठेवावा असा. जो सगळं होऊन जाईल म्हणतो त्याच्याकडे जायला मी मुलांना घाबरवतो.

कोरियाच्या प्राध्यापकांना तिने सविस्तर, नम्र पत्र लिहून कळवलं. मार्च २०२५ च्या सुरुवातीला ती पुण्यात रुजू झाली. त्याआधीच डिसेंबर सत्राची नेट, जी प्रत्यक्षात फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला झाली, तीही दिली. जेआरएफ याही वेळी हुकली.

सुरुवातीचे काही महिने पैसे आलेच नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय. नेमणूकपत्र, बँक खातं, प्रकल्पाचा वार्षिक हप्ता, खर्चाचं प्रमाणपत्र या साखळीत कुठेही गाठ बसली की जेआरएफचे पैसे थांबतात आणि मग थकबाकीसकट एकदम येतात. आम्हाला अंदाज होता. मामांकडून उसने घेतलेले पैसे आणि कॉटबेसिसवरची खोली यावर तिने तो काळ काढला. पुण्यात अनामत, मेसचा आगाऊ महिना आणि येण्याजाण्याचा खर्च धरून किमान तीन महिन्यांची सोय हातात असल्याशिवाय अशी जागा धरू नये. पहिला एकरकमी हप्ता आला तेव्हा तिने मामांचे पैसे आधी फेडले.

आजची स्थिती

जुलै सत्रात तिची पीएच.डी.ची नोंदणी झाली. नेटचे गुण शिळे व्हायच्या आत, पण प्रत्यक्षात संस्थेने गेटचा स्कोअर धरला. कोर्सवर्क चालू आहे. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत. वेळेचा प्रश्न नाही. प्रश्न २०२७ च्या मध्यानंतरच्या पैशांचा आहे आणि तो सुटलेला नाही.

त्यासाठी तीन गोष्टी चालू आहेत. गाइडनी नवा प्रस्ताव पाठवला आहे. तो मंजूर झाला तर तिची दोन वर्षांनंतरची एसआरएफ त्यातून निघेल. सीएसआयआरची थेट एसआरएफ, जिला सुमारे दोन वर्षांचा संशोधनानुभव आणि छापलेला शोधनिबंध लागतो, ती जाहीर झाली की अर्ज करायचा आहे आणि त्यासाठी पहिला निबंध वेळेत जायला हवा. नोंदणी झाल्यामुळे राज्याच्या फेलोशिपचा अर्जही आता करता येईल, फक्त एका वेळी दोन ठिकाणचे पैसे घेता येत नाहीत.

जेआरएफचा नाद तिने सोडलेला नाही. वयोमर्यादा ३० आहे आणि महिलांना त्यात ५ वर्षांची सवलत आहे, त्यामुळे घाई नाही. ती निघाली तर प्रकल्पातलं पद सोडून स्वतःच्या फेलोशिपवर जायचं, असं गाइडशी बोलून ठरलं आहे. गाइडनाही ते सोयीचं आहे, कारण प्रकल्पातल्या त्या पैशांतून दुसरा माणूस घेता येतो. त्या जागेसाठी कोल्हापूरच्या तिच्या एका ज्युनियरने आत्ताच पत्र लिहून ठेवलं आहे.